नकाशावरची पायपीट

दवाखान्यात विचारले जाणारे प्रश्न सहसा ठरावीक असतात. ताप कधी उतरेल, गोळी जेवणापूर्वी घ्यावी की नंतर, रक्ताची तपासणी उपाशीपोटीच करावी लागेल का. त्यामुळे अकरावीत शिकणाऱ्या एका मुलाने घसा दाखवून झाल्यावर, ‘‘डॉक्टर, वाळवंटात पाणी मिळालं नाही तर माणूस किती दिवस चालू शकतो?’’ असे विचारले, तेव्हा मी क्षणभर चपापले. अधिक चौकशी करता उलगडा झाला. तो आणि त्याचे मित्र दर रविवारी टेबलाभोवती बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात. खेळाची सूत्रे याच्याकडे असतात आणि पुढच्या रविवारी साऱ्या मंडळींना एक वाळवंट ओलांडायचे होते. ‘‘लढाई मस्त रंगते,’’ तो म्हणाला, ‘‘पण एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं म्हटलं की सगळे मोबाइल काढतात.’’

त्याच्याकडून नियमांचे पुस्तक मागून घेतले आणि सवडीने वाचले. वाचताना जाणवले की त्याच्या तक्रारीवरचा उपाय माझ्या व्यवसायाच्या परिघातच आहे. कल्पित जगातला प्रवास कंटाळवाणा होतो, कारण त्यात प्रवास करणारे शरीरच नसते. ते शरीर परत आणले की वाट आपोआप बोलू लागते. सुट्ट्यांमध्ये हा खेळ आता अनेक घरांत मांडला जातो, म्हणून या वेळच्या लेखासाठी हाच विषय निवडला आहे.

खेळाची ओळख

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी हा खेळ रचला आणि १९७४ मध्ये तो विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावातून प्रकाशित झाला. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र स्वीकारतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी वनात वाढलेला शिकारी. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात आणि ज्या कृतीचे यश अनिश्चित आहे तिचा निर्णय फाशांवर, प्रामुख्याने वीस बाजूंच्या फाशावर, सोपवला जातो. पुढे काय घडणार हे कुणीच आधी पूर्ण लिहून ठेवलेले नसते.

या खेळात भूक आणि तहान अगदी आरंभापासून होती. १९७४ च्या मूळ संचात आवश्यक साहित्याची जी यादी दिली होती, तीत ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच एका पटखेळाचा समावेश होता. ॲव्हलॉन हिल या कंपनीने १९७२ मध्ये काढलेल्या त्या खेळात रानात सापडलेल्या माणसाला अन्नपाणी शोधत जिवंत राहायचे असते आणि त्याचा पट षट्कोनी घरांचा असतो. रानातल्या भटकंतीसाठी तोच पट वापरावा, असे या दोघांनी सुचवले होते. पुढे १९८१ च्या ‘एक्स्पर्ट’ संचासोबत ‘द आइल ऑफ ड्रेड’ हे साहस देण्यात आले. त्यातील बेटाचा खेळाडूंना मिळणारा नकाशा किनाऱ्यापुरताच रेखाटलेला होता. आतला भाग कोरा; तो चालत जाऊन त्यांनीच भरायचा. एक षट्कोन म्हणजे सहा मैल, साधारण साडेनऊ किलोमीटर. अशा षट्कोनांच्या नकाशावर एकेक घर पार करत अज्ञात मुलूख उलगडण्याच्या पद्धतीला खेळाडू ‘हेक्सक्रॉल’ म्हणतात.

कंटाळ्याचे निदान

मग आजच्या टेबलावर प्रवास निर्जीव का होतो? त्या मुलाने वर्णन केलेला त्यांचा प्रवास असा असे: सूत्रधार फासा टाकतो, लांडगे येतात, लढाई होते, सगळे रात्री झोपतात, सकाळी उठतात. दुसऱ्या दिवशी लांडग्यांऐवजी दरोडेखोर. पाच दिवसांच्या वाटेवर पाच फासे आणि मग शहर.

दोष फाशाचा नाही, झोपेचा आहे. या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आठ तासांच्या विश्रांतीने पात्राच्या सगळ्या जखमा भरून येतात आणि खर्च झालेले मंत्रही परत मिळतात. दिवसाकाठी एकच लढाई आणि तिच्यानंतर संपूर्ण विश्रांती, असे असेल तर सोमवारच्या लांडग्यांचा मंगळवारशी काहीच संबंध राहत नाही. ज्याची किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागत नाही, त्या संकटात मुलांचे लक्ष लागत नाही, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. वैद्यकात आम्ही रुग्णाला पहिल्यांदा विचारतो, ‘‘कधीपासून?’’ आजच्या दुखण्याचे मूळ बहुधा चार दिवसांपूर्वीच्या एखाद्या घटनेत असते. प्रवासालाही अशीच मागची आठवण हवी.

यावर नियमपुस्तकातच एक पर्याय दिलेला आहे. त्यानुसार रात्रीची आठ तासांची झोप ही केवळ अल्प विश्रांती धरायची आणि संपूर्ण विश्रांतीसाठी सात दिवस मोजायचे. काही सूत्रधार याहून सोपा संकेत पाळतात: भिंती, छप्पर आणि निर्धास्तपणा असलेल्या ठिकाणीच संपूर्ण विश्रांती मिळेल, उघड्या रानात नाही. एवढा एक बदल केला, तरी रस्त्यावरची धर्मशाळा अचानक मोलाची होते आणि तिथवर पोहोचण्यासाठी मुले आपण होऊन वाटेचा विचार करू लागतात.

पाण्याचे वजन

आता त्या वाळवंटाकडे वळू. पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार माणसाला दिवसाला एक पौंड अन्न आणि एक गॅलन पाणी लागते; हवा उष्ण असेल तर दोन गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर. उन्हात कष्टणाऱ्या माणसाचा विचार करता हा आकडा अवाजवी नाही. कडक उन्हात चालणाऱ्याला तासाला लिटरभर, प्रसंगी त्याहूनही अधिक घाम येऊ शकतो. तीन दिवसांच्या वाळवंटासाठी एकेका पात्राला सहा गॅलन पाणी हवे आणि ते सुमारे साडेबावीस किलो भरते. ओझ्याच्या पर्यायी नियमानुसार साधारण शक्तीचा माणूस पन्नास पौंडांपलीकडे गेला की त्याची गती मंदावते. पन्नास पौंड म्हणजे पुन्हा साडेबावीस किलोच. याचा अर्थ असा की पाणी पाठीवर घेतल्यावर ढाल, दोर, तंबू यांतले काहीही उचलायला वाव उरत नाही.

हे गणित मुलांसमोर मांडून गप्प बसावे. खेळ पुढचे काम स्वतःच करतो. उंट भाड्याने घ्यावा का? मग त्याच्या पाण्याचे काय? चिलखत मागे ठेवावे का? नकाशावर दाखवलेली विहीर आहेच, असे गृहीत धरून अर्धेच पाणी न्यावे का? की दिवसा सावलीत पडून राहावे आणि रात्री चालावे? रात्री घाम कमी येतो. पण खुणेचे डोंगर दिसत नाहीत आणि वाट चुकण्याचा संभव वाढतो. यांपैकी कोणतेही उत्तर सर्वस्वी चूक नाही आणि प्रत्येकाची काही ना काही किंमत आहे. प्रवास रंगण्यासाठी अशीच निवड हवी असते.

तहानेची किंमतही नियमांत नोंदलेली आहे. गरजेच्या निम्मेच पाणी मिळाले, तर काटकपणाचा फासा टाकावा लागतो आणि तो हरला की थकव्याची एक पायरी चढते. निम्म्याहूनही कमी पाणी मिळाले, तर फासा न टाकताच चढते. अशा पायऱ्या सहा. पहिल्या पायरीवर प्रत्येक कौशल्याचे काम अवघड होते, दुसरीवर चालण्याची गती निम्मी, तिसरीवर हत्यार नीट चालवता येत नाही, चौथीवर जीवशक्ती निम्मी, पाचवीवर पाऊल उचलत नाही आणि सहावीवर मृत्यू. अन्नपाण्यासह घेतलेली एक संपूर्ण विश्रांती केवळ एकच पायरी खाली उतरवते. या खेळातला मला सर्वांत पटलेला नियम हाच. खऱ्या शरीरातही झीज लवकर होते आणि भर सावकाश पडते.

आठ तासांहून अधिक चालल्यास पुढच्या प्रत्येक तासाला असाच काटकपणाचा फासा टाकावा लागतो आणि तो दर तासागणिक कठीण होत जातो. चालीच्या गतीचेही तीन प्रकार आहेत. साधारण चालीने दिवसाला २४ मैल, भरभर चालल्यास ३० मैल, सावकाश चालल्यास १८ मैल. भरभर चालणाऱ्याला आजूबाजूचा धोका लवकर जाणवत नाही. सावकाश चालणाऱ्याला चाहूल लागू न देता जाता येते. सूत्रधाराने रोज सकाळी फक्त ‘‘आज कोणत्या चालीने?’’ एवढे विचारले, तरी दिवसाची सुरुवात एका निर्णयाने होते.

मोकळ्या मैदानाचे हे आकडे डोंगराला लागू करू नयेत. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा सांगितला होता: दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. नकाशावर डोंगर दाखवताना हा हिशेब जवळ ठेवला, तर जवळची वाट आणि लवकरची वाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते.

शरीराने सुचवलेले प्रसंग

लांडगे आणि दरोडेखोर यांच्याविना वाटेवर काय घडावे, असा प्रश्न नव्या सूत्रधाराला पडतो. वैद्यकाची पुस्तके अशा प्रसंगांनी भरलेली आहेत. त्यांतील चार येथे देते.

पहिला प्रसंग पाण्याचा. ओढ्याचे पाणी गढूळ आहे. ते खळखळून उकळल्यावर मिनिटभर तसेच उकळत ठेवले, तर पिण्याजोगे होते. दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे. परंतु त्यासाठी शेकोटी पेटवावी लागेल आणि तिचा धूर पाठलाग करणाऱ्यांना दिसेल. न उकळता प्यायले, तर लगेच काहीच होत नाही. एकदोन दिवसांनी, नेमके अरुंद खिंडीत असताना, पोटात मुरडा येऊन आव सुरू होते. हा उशीर फार महत्त्वाचा आहे. मुलांना आपली निवड आठवते आणि ते एकमेकांकडे पाहू लागतात.

दुसरा प्रसंग उंचीचा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दिवसाला पाचशे मीटरहून अधिक उंचावू नये आणि दर तीनचार दिवसांनी एक दिवस मुक्काम करावा, असे आम्ही हिमालयात जाणाऱ्यांना सांगतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे ही लक्षणे दिसली की वर जाणे थांबवावे. ती वाढली तर खाली उतरावे. खेळातल्या खिंडीपलीकडे शत्रूचे सैन्य चार दिवसांवर असेल आणि पथकातला एक जण डोके धरून बसला असेल, तर त्याच्यासाठी थांबायचे का? या प्रश्नावर मी प्रौढांनाही तावातावाने वाद घालताना पाहिले आहे.

तिसरा प्रसंग थंडीचा. पाऊस, वारा आणि ओले कपडे एकत्र आले, तर हिमवर्षाव नसतानाही शरीराचे तापमान पस्तीस अंश सेल्सियसच्या खाली जाऊ शकते. आरंभी माणूस कुडकुडतो, बोटे नीट चालत नाहीत, मग बोलणे अडखळते आणि तो विचित्र निर्णय घेऊ लागतो. खेळात हे सुंदर रीतीने दाखवता येते. चकमक पेटवण्याचा साधा फासा कठीण करावा आणि ज्या पात्राला थंडी बाधली आहे त्याच्या खेळाडूला ते सरळ न सांगता, ‘‘तुला आता ऊब वाटू लागली आहे, घोंगडी काढून टाकावीशी वाटते आहे,’’ असे सांगावे. शेजारचा खेळाडू ते ओळखतो का, हे पाहण्यासारखे असते.

चौथा प्रसंग झोपेचा. चौघांनी रात्रीचे आठ तास वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन तासांचा पहारा येतो. वरकरणी ही वाटणी समान दिसते. पण पहिला आणि शेवटचा पहारा करणाऱ्याला सलग झोप मिळते. मधल्या दोघांची झोप मोडते. हे पहारे रोज त्याच दोघांच्या गळ्यात पडले, तर तिसऱ्या दिवशी चिडचिड आणि चुका दिसल्या पाहिजेत. घरातल्या कामांच्या वाटणीशी याचे साम्य कुणाच्या ध्यानात आले, तर तेही बरेच.

मंत्रांचा उल्लेख मात्र येथे केला पाहिजे. ‘गुडबेरी’ नावाच्या प्राथमिक मंत्राने दहा फळे निर्माण होतात आणि एक फळ माणसाला दिवसभराच्या पोषणाला पुरते. असा एक मंत्र भुकेचा प्रश्नच मिटवून टाकतो. त्यावर बंदी घालण्याची गरज नाही. मंत्र म्हणजे मोजक्या साठ्यातले औषध आहे, असे समजावे. जो आज अन्नासाठी वापरला, तो संध्याकाळी जखमेसाठी उरणार नाही आणि वर सांगितल्याप्रमाणे रानातल्या झोपेने तो परतही मिळणार नाही.

आजींची शिदोरी

माझ्या रुग्णांपैकी एका कुटुंबात तीन पिढ्या एकत्र राहतात. नातीच्या खेळात पाचवे माणूस कमी पडत होते, म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींना बसवले गेले. आजींचे गुडघे झिजलेले. जिना उतरणेही त्यांना जड जाते. त्यापूर्वी एकोणीस वर्षे त्यांनी आळंदी ते पंढरपूर पायी वारी केलेली आहे, सुमारे अडीचशे किलोमीटर. पहिल्या रविवारी लढाई चालू असताना त्यांना बसल्या जागी डुलकी लागली. दुसऱ्या रविवारी पात्रे डोंगरापलीकडच्या नगराकडे निघाली, तेव्हा नातीने सवयीप्रमाणे ‘‘चार दिवसांनी तुम्ही पोहोचता’’ असे सांगितले. आजींनी तिला थांबवले.

‘‘अगं, सामान कुणाच्या पाठीवर आहे? मुक्कामाला पाणी कुठलं? काल पावसात भिजले ना सगळे, मग त्याच ओल्या बुटांत कशी गं चालतील?’’

नातीकडे उत्तरे नव्हती. तिने दहा मिनिटे मागून घेतली आणि कागदावर वाट आखायला बसली. त्या दिवशी लढाई झालीच नाही, असे तिची आई मला सांगत होती. आजींच्या सांगण्यावरून पथक पहाटे अंधारात निघाले, कारण चढण उन्हाआधी संपवायची. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. पायाला फोड आलेल्या योद्ध्याला त्यांनी बसवले, पाय कोरडे करून तेल लावायला सांगितले आणि त्याचे ओझे इतरांना वाटून दिले. फोडांची तीन कारणे आम्ही शिकतो: उष्णता, ओल आणि घर्षण. आजींना ती पायांनी ठाऊक होती.

पुढे गुडघे दाखवायला आल्या असता मी त्यांना खेळाविषयी विचारले. ‘‘तिथं मला चालता येतं,’’ एवढेच त्या म्हणाल्या आणि एक्स-रे पुढे केला.

लढाईचे नियम ज्याला पाठ आहेत, तोच टेबलावर मोठा ठरतो. वाटेवर मात्र घरातल्या प्रत्येकाकडे काही ना काही ज्ञान असते. स्वयंपाक करणाऱ्याला शिधा कळतो, दुचाकीवरून गावोगाव फिरणाऱ्याला रस्ते कळतात, शेतात वाढलेल्याला आभाळ कळते. म्हणून प्रवासात कामे वाटून द्यावीत. टोल्कीन यांच्या कथाविश्वावर आधारलेल्या ‘द वन रिंग’ या २०११ च्या खेळात प्रवासाला निघताना वाटाड्या, पुढे जाऊन टेहळणी करणारा, शिकारी आणि पहारेकरी अशा भूमिका ठरवून घ्याव्या लागतात. ‘र्‍युतामा’ या जपानी खेळात तर प्रवासी हे व्यापारी, शेतकरी यांसारखे साधे लोक असतात आणि रोज सकाळी प्रत्येकाने आजची प्रकृती कशी आहे हे फाशाने ठरवायचे असते. वीर पुरुषालाही एखादी सकाळ जड जाते, हे मान्य करणारा हा नियम कोणत्याही खेळात उसना घेण्याजोगा आहे.

हा नियम मी एका कुटुंबाला सुचवला, त्यामागे कारण होते. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला टाइप-१ मधुमेह आहे. त्याचे इंजेक्शन, त्याचे खाणे, त्याची साखर यांबद्दल दवाखान्यात नेहमी आईच बोलत असे. तो खिडकीबाहेर पाहत बसे. खेळात त्याने आपल्या पात्रालाही तोच आजार दिला. त्यामुळे पथकाला मुक्काम आणि न्याहारीच्या वेळा आधी ठरवाव्या लागल्या आणि शिधा सांभाळण्याचे काम त्याच्याकडे आले. पुढच्या भेटीत त्याने स्वतः विचारले, ‘‘तीन तास चढायचं असेल तर आधी किती खायचं? आणि इन्सुलिन कमी करायचं का?’’ खेळाने त्याची साखर आटोक्यात आणली, असा माझा मुळीच दावा नाही. पण तो प्रश्न त्याने विचारला आणि त्या दिवशी आम्ही दोघे बराच वेळ बोललो.

मात्रा आणि पथ्य

कोणतेही औषध मात्रेत घ्यावे. प्रत्येक घोटाचा आणि प्रत्येक भाकरीचा हिशेब ठेवू लागलो, तर खेळाची खतावणी होईल. तीनच गोष्टी नोंदवाव्यात: पाणी, शिधा आणि थकवा. सुपाऱ्या किंवा चिंचोके घेऊन ते टेबलाच्या मध्यभागी ठेवावेत आणि दिवस सरला की त्यांतले उचलावेत. कमी होत जाणारी रास डोळ्यांना दिसली की वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही.

तीस दिवसांचा प्रवास एकाच तपशिलाने खेळू नये. ज्या वाटेवर काहीच पणाला लागलेले नाही, ती एका वाक्यात संपवावी. ‘‘आठवडाभर सपाट रस्त्याने चालून तुम्ही नदीकाठी आलात’’ हे पुरेसे आहे. खेळायचे ते कठीण तीन दिवस. त्या तीन दिवसांसाठी सूत्रधाराने आधी एवढी तयारी करावी: निदान दोन वाटा, एक लांब पण पाण्याची आणि दुसरी जवळची पण कोरडी, रोज एक लक्षात राहील असे स्थळ, आणि प्रत्येक संकटाची आगाऊ खूण. लांडगे एकदम समोर आणू नयेत. आधी ओल्या मातीत पावले दिसावीत, मग अर्धवट खाल्लेले हरीण, मग रात्री दुरून आवाज. खूण दिसली की मुलांना वळण्याची, लपण्याची, आग मोठी करण्याची संधी मिळते. वाटेवर भेटणारा प्रत्येक जण शत्रूही असू नये. मीठ विकणारा तांडा, पूल दुरुस्त करणारे मजूर, घर सोडून निघालेले कुटुंब यांच्याकडून पुढच्या वाटेची खबर मिळू शकते.

ओझ्यालाही अर्थ द्यावा. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले आणि त्या वर्षीच्या उठावात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. परतताना आईवडिलांसाठी गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन ते घरी आले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात सूत्रधाराला हवे ते सारे आहे. विशेषतः ही कावड. जड आहे, सांडू शकते, विकता येत नाही आणि टाकता तर मुळीच येत नाही. अशी एक वस्तू पथकाच्या खांद्यावर दिली की रोजच्या मजलेला वेगळे वजन येते.

पालकांसाठी दोन गोष्टी. खेळ दोनतीन तासांत आवरावा, तासाभराने सगळ्यांनी उठून पाय मोकळे करावेत आणि मुलांच्या झोपेची वेळ चुकवू नये. पात्रांच्या थकव्याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी आपला विसरू नये. दुसरे म्हणजे, कुणाच्या खऱ्या शरीरावर, वजनावर वा आजारावर खेळातून टोमणे मारले जाणार नाहीत, याकडे लक्ष असू द्यावे. पात्राला आजार द्यायचा की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवावे.

आणि खेळातले ज्ञान हे खऱ्या डोंगरावरचे प्रशिक्षण नव्हे. उन्हात चालणारा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन, अंगावर पाणी ओतून, वारा घालून तत्काळ थंड करावे आणि रुग्णालयात हलवावे. तेथे फासा टाकून चालत नाही.

शेवटी एक सूचना. पुढचा प्रवास खेळण्यापूर्वी एखाद्या थंड सकाळी मुलांना घेऊन नकाशावरचा अर्धा षट्कोन प्रत्यक्ष चालून या. तीन मैल, म्हणजे पाच किलोमीटरच्या आत. प्रत्येकाने पाठीवर दोन लिटर पाणी घ्यावे, निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ लिहावी, नेस्मिथच्या हिशेबाशी ताडून पाहावी. गुडघेदुखी, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून अंतर ठरवावे. घरी आल्यावर कुणाचे पाणी संपले, कुणाच्या बुटात खडा गेला, कुठे सावली होती आणि कुणी कुणाची पिशवी घेतली, हे कागदावर टिपून ठेवा. पुढच्या रविवारच्या सूत्रधाराला तेवढे साहित्य पुरेल.